पुराच्या पिशवीतला हँडलवाला टॉर्च

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, ती रात्र आम्ही कुर्ल्याला पोटमाळ्यावर एका मेणबत्तीवर काढली. तेव्हापासून दर मे महिन्यात मी पुराची पिशवी भरते. यंदा लोहार चाळीतून साडेचारशेला हँडल फिरवून चार्ज होणारा टॉर्च आणला, आतच एफएम रेडिओ.

उजेड झकास. मिनिटभर फिरवलं की जिना उतरण्यापुरता दिवा मिळतो. आवाज मात्र असा की सासूबाई आतून म्हणाल्या, "आत्ता कसलं वाटण काढलंयस गं?" मोबाइल चार्जिंग निव्वळ थाप. दहा मिनिटं फिरवून हात भरून आला, बॅटरी वाढली एक टक्का. म्हणजे पॉवरबँक पिशवीतून काढायची नाही. दुकानदार म्हणे, "वॉटरप्रूफ आहे ताई!" बटणाचं रबर नखानं उचकटतंय! शेवटी दुधाची पिशवी धुऊन त्यात टॉर्च घातला, वर रबरबँड.

बाकी नेहमीचंच: ओआरएस, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, चणे-गूळ, शिट्टी, रेशनकार्डाची झेरॉक्स, सुटे पैसे. मेणबत्त्या यंदा बाद, काडेपेटी सादळतेच. टॉर्चच्या पाठीवर मार्करनं 1916 लिहून ठेवलाय, पालिकेचा आपत्कालीन नंबर.

पाचपैकी तीन स्टार. रेडिओ नसता तर दोनच दिले असते.