माहिती जपायची आहे: प्रायव्हसी ब्लॉकचेन घ्यावी, की हाताशी आहे तेच नीट वापरावं?

महाद्वार रोडवरच्या लॉजवर खोली घ्या, राजारामपुरीत पोराला क्लास लावा, नवं सिमकार्ड घ्या किंवा लॅबमध्ये रक्त तपासायला जा. वाक्य एकच ऐकू येतं: "आधार व्हॉट्सअॅपवर टाका की." आपणही टाकतो. तो फोटो पुढे कुणाच्या फोनमध्ये, कुठल्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर आणि किती वर्षं पडून राहतो, हे कुणी सांगू शकत नाही. याच भीतीवर आता एक नवा इलाज विकला जातोय: "आमची प्रायव्हसी ब्लॉकचेन घ्या, माहिती सुरक्षित." कोल्हापुरात दवाखाना, क्लास, पतसंस्था किंवा दुकान चालवणाऱ्यांसमोर हा पर्याय येऊ लागलाय. पैसे भरण्याआधी हे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत, कारण ब्लॉकचेन या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. ब्लॉकचेन म्हणजे एकमेकींना जोडलेल्या नोंदींची, अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली वही. पुढे तिलाच साखळी म्हटलंय.

पहिली म्हणजे साधी सार्वजनिक ब्लॉकचेन. बिटकॉइन २००९ मध्ये सुरू झालं, इथेरियम २०१५ मध्ये. इथे काही लपलेलं नसतं. प्रत्येक व्यवहार सगळ्या जगाला दिसतो, फक्त नावाच्या जागी आकड्या-अक्षरांचा पत्ता असतो. गुजरीतल्या सराफानं आपली वही चौकात उघडी टांगून ठेवावी आणि गिऱ्हाइकांच्या नावांऐवजी खुणा लिहाव्यात, तसा हा प्रकार. एक खूण कुणाची ते कळलं की त्या खुणेचा मागचा सगळा हिशेब वाचता येतो. भारतात एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टो नाणी घेण्या-विकण्याच्या बाजारात, खातं उघडताना पॅन द्यावाच लागतो, म्हणजे खूण आणि माणूस यांची गाठ तिथेच पडते.

विक्रेता यावर म्हणतो, "आम्ही आधार नंबर नाही, फक्त त्याचा हॅश साखळीवर ठेवतो." इथे थांबून नीट विचार करा, कारण फसगत सगळ्यात जास्त इथेच होते. हॅश म्हणजे नंबरावरून काढलेला ठरावीक लांबीचा सांकेतिक आकडा. त्यावरून उलटं जाऊन नंबर काढता येत नाही, हे खरं. पण उलटं जायची गरजच नसते. आधारचे आकडे १२, पहिला आकडा ० किंवा १ नसतो आणि शेवटचा तपासणीचा असतो. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर मिळून ८,००० कोटी. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर सेकंदाला शंभर कोटींहून अधिक साधे हॅश काढतो. सगळे नंबर एकामागून एक लावून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मोबाइल नंबर तर त्याहून कमी, ४०० कोटींच्या आत. हॅशमध्ये प्रत्येकासाठी वेगळा, लांबलचक गुप्त आकडा मिसळलेला असेल तर गोष्ट निराळी. तसा मिसळता का, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर गोलमोल आलं तर बोलणं तिथेच संपवा.

मग सार्वजनिक साखळी बिनकामाची का? मुळीच नाही. आपल्याच राज्यात, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागानं २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या सार्वजनिक ब्लॉकचेनशी जोडले. खोटे दाखले पकडता यावेत, हा त्यामागचा हेतू. त्या कामाला साखळी योग्यच आहे, कारण एकदा नोंदलेलं कुणाला गुपचूप बदलता येत नाही. पण खोटेपणा पकडणं हे एक काम आणि खाजगीपण जपणं हे दुसरं. पहिल्यासाठी बनवलेलं हत्यार दुसऱ्यासाठी विकलं जातंय, म्हणून एवढं लिहावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे खाजगी नाणी, म्हणजे कुणी कुणाला किती दिलं ते झाकणारी क्रिप्टो नाणी: मोनेरो आणि झीकॅश. तंत्र म्हणून दोन्ही भक्कम आहेत. मोनेरो २०१४ चं. त्यात खरा पाठवणारा सोळा संभाव्य नोंदींच्या घोळक्यात लपतो, घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा पत्ता तयार होतो आणि रक्कमही झाकली जाते. झीकॅश २०१६ चं. त्यात दोन प्रकारचे पत्ते असतात, उघडे आणि झाकलेले. झाकलेला पत्ता वापरला तरच खाजगीपण मिळतं. त्याची एक सोय मला फार आवडते: बघण्यापुरती वेगळी किल्ली (पासवर्डसारखा गुप्त आकडा) हिशेबनीसाला देता येते, पैसे हलवण्याचा अधिकार न देता.

पण कोल्हापूरच्या माणसानं हे घ्यावं का? माझं उत्तर नाही. मार्च २०२३ पासून क्रिप्टोचा व्यवसाय करणाऱ्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, तोटा वळता करायची मुभा नाही, वर व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मोठी एक्स्चेंज ही नाणी काढून टाकत आहेत. बायनान्स या बड्या एक्स्चेंजनं मोनेरो फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं. आणि मूळ मुद्दा असा की ही नाणी पैशाची वाट लपवतात. तुमचं आधार, रक्ताचा रिपोर्ट, मुलीच्या शाळेचा दाखला यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही. हुपरीच्या चांदीवाल्याला गिऱ्हाइकांची यादी जपायची असेल, तर मोनेरो त्याच्या काहीच कामाचं नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे माहितीच कुलूपबंद करून साखळीवर ठेवणाऱ्या ब्लॉकचेन. ऐकायला सगळ्यात छान वाटते, पण सगळ्यात जास्त सावध इथे राहावं. सीक्रेट नेटवर्क याच जातीचं. त्याची गुप्तता इंटेलच्या प्रोसेसरमधल्या एका बंदिस्त कप्प्यावर उभी होती. २०२२ मध्ये संशोधकांनी प्रोसेसरमधला दोष वापरून त्या जाळ्याची मुख्य किल्ली बाहेर काढता येते, हे दाखवून दिलं. त्या किल्लीनं आधीचे खाजगी व्यवहारही उलगडता आले असते. दोष नंतर दुरुस्त झाला. पण जे आधीच साखळीवर गेलंय, त्याच्या प्रती जगभर असतात आणि त्या परत मागवता येत नाहीत. तुमच्या सर्व्हरवरची फाइल फुटली तर निदान उरलेलं बंद करता येतं. साखळीवर ठेवलेलं कुलूप दहा वर्षांनी तुटलं, तरी आतला रिपोर्ट तेव्हाही तुमच्या पेशंटचाच असतो.

इथे कायद्याचीही अडचण आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि काही अपवाद वगळता पुसून घेण्याचा हक्क या कायद्यात आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पुसता येत नाही हाच ज्या तंत्राचा गुण, त्यावर पुसावी लागणारी माहिती ठेवणं म्हणजे स्वतःहून अडकणं. लॅब, क्लास, पतसंस्था, कुणीही असो, गिऱ्हाइकाची मूळ माहिती साखळीवर टाकू नये. या मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

चौथी गोष्ट मात्र खरंच आशेची आहे: झिरो-नॉलेज पुरावा. माहिती न दाखवता तिच्याबद्दलचं एक विधान खरं आहे, एवढंच सिद्ध करायचं. हे गणित १९८५ पासूनचं आहे, ब्लॉकचेनपेक्षा कितीतरी जुनं. आधारच्या क्यूआर कोडवर आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असते. अॅनॉन आधार हा मुक्त-स्रोत प्रकल्प तीच सही वापरतो. "माझ्याकडे खरं आधार आहे आणि मी १८ वर्षांपुढचा आहे" एवढंच सिद्ध होतं, आधार नंबर आणि नाव फोनबाहेर जात नाही.

आपल्याकडे याचा उपयोग मला सहकारात दिसतो. समजा एखाद्या दूध संस्थेला सभासदांकडून निनावी मत मागवायचं आहे. माणूस सभासद आहे आणि त्यानं एकदाच मत दिलंय, दोन्ही सिद्ध व्हावं, पण कुणी काय म्हटलं ते संचालकांना कळू नये. गावात या शेवटच्या गोष्टीची किंमत किती आहे, हे करवीर-कागलच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कायदेशीर निवडणुकीसाठी हे चालणार नाही, पण मतचाचणीसाठी चालेल. लॉजवाल्याला मात्र पाहुण्यांची नोंद ठेवावीच लागते. "१८ पूर्ण" एवढ्या पुराव्यावर त्याचं आज भागणार नाही.

आता या सगळ्याच्या शेजारी, एकही साखळी नसलेला पर्याय ठेवा. मास्क्ड आधारवर शेवटचे चारच आकडे दिसतात. आधार नंबरऐवजी द्यायचा व्हर्च्युअल आयडी १६ आकडी असतो आणि हवा तेव्हा बदलता येतो. बोटांचे ठसे लॉक करता येतात, म्हणजे ठशावरून पैसे काढण्याची फसवणूक अडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या आधारच्या नव्या अॅपमध्ये हवी तेवढीच माहिती दाखवायची सोय आहे. कागदपत्रांसाठी डिजिलॉकर आहे, बोलण्यासाठी सिग्नल अॅप. सगळं फुकट. पासवर्ड विसरलात तर परत मिळवायची वाटही बहुतेक ठिकाणी असते. साखळीवरच्या पाकिटाची, म्हणजे क्रिप्टो खात्याची, किल्ली हरवली तर ती परत देणारं कुणी नसतं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी निवड करताना हा फरक माझ्या लेखी निर्णायक आहे.

म्हणून घरगुती माणसासाठी निवड सरळ आहे: याच शेवटच्या पर्यायावर एक संध्याकाळ घालवा आणि क्रिप्टो पाकीट घेऊ नका. दवाखाना किंवा क्लासवाल्यानं आधी गोळा करणंच कमी करावं. आधारची गरज नसेल तर मागू नये. मागितलंच तर मास्क्ड घ्यावं, आणि काम झालं की फोनमधला फोटो काढून टाकावा. शिवाजी विद्यापीठात किंवा केआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्यांनी मात्र झिरो-नॉलेजमध्ये जरूर हात घालावा. आपल्या सहकारी संस्थांना लागणारी साधनं इथल्याच पोरांनी बनवावीत, असं मला मनापासून वाटतं.

आणि विक्रेता समोर बसलाच, तर त्याला तीन प्रश्न विचारा. साखळीवर माहिती जाते की फक्त पुरावा? किल्ली कुणाच्या हातात राहते? उद्या एखादी पेशंट म्हणाली, "माझं नाव काढून टाका", तर नेमकं काय पुसणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका, करारात लिहून मागा.