निळी बाटली आणि माझं लेदर कोरल

घरी समुद्री टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो आहे, बडोद्यातल्यांसाठी विशेष. चौदा हजार सहाशे रुपये गेले, त्याचं वाईट वाटतंच. पण चार वर्षं वाढवलेल्या जिवाला औषध समजून मी स्वतःच्या हाताने विष घातलं, ते जास्त लागलं आहे.

दांडिया बाजारात आमचं जुनं घर. दिवाणखान्यात तीन फुटी टाकी, पाणी साधारण 180 लिटर. दोन क्लाउनफिश, दोन झिंगे, आठ-दहा गोगलगायी, थोडे झोअँथस (फुलांसारखे दिसणारे छोटे जीव) आणि मधोमध टोडस्टूल लेदर कोरल, म्हणजे छत्रीच्या आकाराचं मऊ प्रवाळ, ताटलीएवढी छत्री झालेलं. श्रावणात एका सकाळी ते मिटलेलं दिसलं. छत्रीवर गवतासारखी डुलणारी बोटं आत ओढलेली, वरचा भाग मेणचट, चकचकीत. चार दिवस झाले तरी उघडेना. पाचव्या दिवशी दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा कडेने सुटायला लागला आणि मी घाबरलो.

दुकानात भेटलेल्या एकाने नंबर दिला, ‘कोरलचे डॉक्टर आहेत’ म्हणून. ते गृहस्थ संध्याकाळी आले, टॉर्च मारला, चिमट्याने पापुद्रा उचलला आणि म्हणाले, “साहेब, आ चेपी रोग छे. आजे दवा नहीं नाखो तो आखी टांकी जशे.” म्हणजे, हा संसर्गाचा रोग आहे, आज औषध घातलं नाही तर अख्खी टाकी जाईल. मोबाईलवर पांढऱ्याफटक पडलेल्या कोरलचे फोटो दाखवले. बायको शेजारीच उभी होती. तिने विचारलं, “अहो, यांनी पाणी तपासलंच नाही?” खरंच नव्हतं तपासलं. क्षारता नाही, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) नाही, नायट्रेट नाही, तापमानसुद्धा विचारलं नाही. तिथेच मी त्यांना दारापर्यंत सोडायला हवं होतं. त्याऐवजी व्हिजिटचे 1,500 आणि एका बाटलीचे 3,600 रुपये दिले. बाटलीवर लेबल नव्हतं. आत आकाशी रंगाचं पातळ औषध. ‘इम्पोर्टेड आहे, लेबल काढूनच येतं,’ हे उत्तर मी ऐकून घेतलं.

आता जे कळलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. लेदर कोरल अधूनमधून कात टाकतं. काही दिवस मिटून राहतं, कधी आठवडा-दोन आठवडेसुद्धा, अंगावर मेणासारखा थर येतो आणि तो सुटला की पुन्हा फुलतं. त्याच्यावर साचलेली शेवाळ आणि घाण त्या थराबरोबर निघून जाते. अशा वेळी फक्त पाण्याचा प्रवाह थोडा वाढवायचा. पापुद्र्याखालचं अंग घट्ट आणि रंगदार असेल तर घाबरायचं कारण नाही. अंग काळपट, बुळबुळीत, बोट लागताच सुटणारं आणि कुजका वास येणारं असेल तर ती सड. माझ्या कोरलचं अंग त्या दिवशी घट्ट होतं, मी स्वतः बोट लावून पाहिलं होतं. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

आणि ते फोटो? ते तर सगळे कठीण कोरलचे होते. त्यांचं मांस गेलं की खालचा चुनखडीचा पांढरा सांगाडा उघडा पडतो. काहींचं तासाभरात उतरायला लागतं आणि दिवसात संपतं, काहींचं बुडापासून आठवडेच्या आठवडे वर सरकत जातं. लेदरला असा सलग सांगाडाच नसतो, अंगात फक्त बारीक चुनखडीचे काटे असतात. माझ्या टाकीशी त्या फोटोंचा काडीचा संबंध नव्हता.

सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिली घालत गेलो. चौथ्या दिवशी गोगलगायी काचेवरून खाली पडल्या, उलट्या, वाळूत. सहाव्या दिवशी झिंगे गेले. फोन केला तर उत्तर आलं, कमजोर जीव जातातच, मासे बघा कसे ठणठणीत आहेत. मासे खरंच ठणठणीत होते. मी तेवढ्यावर समाधान मानलं, तेच चुकलं. मासे जगतात आणि गोगलगायी-झिंगे मरतात, तेव्हा पहिला संशय तांब्यावर घ्यायचा असतो.

मग खरी सड सुरू झाली. छत्रीची एक कड तपकिरी झाली, जास्त शिजलेल्या भोपळ्यासारखी मऊ. चिमटा लावला तर तुकडा तसाच हातात आला. पाण्याबाहेर काढताच नासक्या अंड्याचा वास. गृहस्थ पुन्हा आले. ‘रोग बळावला आहे’ म्हणून पुन्हा व्हिजिट आणि ‘जोरदार’ अशा दोन बाटल्या, मिळून 9,500. वर म्हणाले, हे गेलं तर जामनगर बाजूचं ताजं कोरल आणून देतो, कठीण जातीचं, स्वस्तात. ते मात्र मी तिथल्या तिथे नाकारलं. कच्छच्या आखातातला तो पट्टा 1982 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि सगळी कठीण कोरल 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. असा माल घरात आणणं हा गुन्हा आहे. हे बोलणाऱ्या माणसाची बाटली मात्र मी ठेवून घेतली, याचं आज नवल वाटतं.

गणपतीला मेहुणे आले. नाशिककडे त्यांची द्राक्षबाग. टाकीशेजारची बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, “दाजी, हे मोरचूद दिसतंय. आम्ही चुन्यात कालवून बागेवर मारतो, हा रंग माझ्या ओळखीचा आहे.” मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचंच. त्या रात्री मला झोप लागली नाही. तांब्याचं टेस्ट किट मागवलं. टाकीच्या पाण्यात लिटरमागे 0.4 मिलीग्रॅमच्या आसपास तांबं निघालं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर 0.15 ते 0.20 वापरतात, तेही वेगळ्या टाकीत, जिथे कोरल, झिंगे, गोगलगायी काहीच नसतं.

कोरल त्याच रात्री नव्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवलं, हीटर आणि छोटा पंप लावून. दुसऱ्या दिवशी नव्या ब्लेडने सडलेला भाग कापला, अगदी निरोगी अंग लागेपर्यंत. कंजुषी करून थोडी सड मागे ठेवली तर ती पुन्हा पसरते. मग आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवून धुतलं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. झोअँथस हाताळणार असाल तर हे कधीच विसरू नका, त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. छत्री गेली. बुंधा राहिला.

पैशांचं सांगायचं तर पावती नव्हती, फक्त यूपीआयची नोंद. फोन आता लागत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथे बिलच मागितलं. बाटलीचं तळाशी उरलेलं औषध मी सील करून ठेवलं आहे. तुमच्याकडेही अशी बिनलेबलची निळी बाटली असेल तर ती फेकू नका, एक थेंबही टाकीत घालू नका, आधी तांब्याची चाचणी करा.

टाकीत पाणी बदलणं, नवा कार्बन, तांबं शोषणारं रेझिन, सगळं चालू आहे. पण खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. परवाच्या चाचणीतही थोडा रंग आलाच. बुंध्यावर गेल्या आठवड्यात चार बोटं फुटलेली दिसली. तो अजून बादलीतच आहे.