विंडोज खरं बोलत होतं, मीच गप्प केलं

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या धंद्याला उसंत नसते. मी कराडात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. डेस्कटॉप जुना, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, मॉनिटर तर अजून व्हीजीए वायरवरचा. नवं मशीन घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा एका दुकानातून जुनं ग्राफिक्स कार्ड उचललं, एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०५० टीआय. मेमरी ४ जीबी, किंमत ४,२०० रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही. बिल नाही, त्यामुळे माझ्या हातात पुरावा नाही.

दुकानदारानं कार्ड त्याच्या पीसीला लावून दाखवलं. विंडोजमधल्या डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत नाव बरोबर. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात ‘टेस्ट मोड’ अशी बारीक अक्षरं दिसत होती. मी विचारलं, तर म्हणाला, “काका, टेस्टिंगचाच पीसी आहे हा.” मलाही ते पटलं! निघताना पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, दिला आणि बजावलं, “हाच टाका. कंपनीच्या साइटवरचा नवा घेऊ नका, जुन्या बोर्डावर लोड येतो. आणि विंडोज अपडेट बंद ठेवा.” कार्डाला व्हीजीए पोर्ट होता, म्हणजे मॉनिटरचा खर्च वाचला. मी खूश.

घरी आल्यावर त्यानं दिलेल्या फाइलनं ड्रायव्हर बसला. माझ्याही स्क्रीनवर ‘टेस्ट मोड’ उमटलं. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर कार्ड धरायलाच तयार नाही, आणि टाइमलाइनवर चार-पाच मोठ्या क्लिप टाकल्या की स्क्रीन काळी. पाच सेकंदांनी परत येते, खाली निरोप: डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं होतं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला की याच बिघाडाच्या ४१०१ नंबरची रांग लागलेली. एनव्हिडियाच्या साइटवरून नवा ड्रायव्हर आणला, तर इन्स्टॉलर म्हणतो, सुसंगत ग्राफिक्स हार्डवेअर सापडलं नाही.

दुकानदाराला फोन केला. “काका, मशीन जुनं आहे तुमचं.” पुढचे पंधरा दिवस मी या एका वाक्यावर काढले. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या सॉफ्टवेअरनं ड्रायव्हर मुळापासून काढला, पुन्हा टाकला. रॅमच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. बायोस अपडेट केलं, आणि तेही लाइट जाईल की काय या धास्तीत. विंडोज दोनदा नव्यानं टाकलं. मग तो म्हणाला एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, कमी पडत असेल, म्हणून २,६०० चा नवा आणला. सगळं करूनही स्क्रीन काळी ती काळीच. माणूस चोर असेल असं एकदाही मनात आलं नाही, कारण माझं मशीन खरंच जुनं होतं आणि मला त्याची आधीपासूनच लाज वाटत होती. त्यानं नेमकं तेच ओळखलं.

सगळ्यात वाईट म्हणजे विंडोजनं मला एकदा सरळ खरं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा विंडोज टाकलं तेव्हा अपडेट बंद करायचं राहून गेलं. सकाळी बघतो तर कार्डाचं नाव बदललेलं: जीटीएस ४५०, कितीतरी जुनं मॉडेल. मला वाटलं, विंडोजचा घोळ, चुकीचा ड्रायव्हर ओढून घेतला. मी तो काढला, पेन ड्राइव्हवरचा परत टाकला, अपडेट बंद केलं आणि वर दुकानदाराला फोन करून सांगितलं की तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं.

शेवटी आमच्या गल्लीतला असेंबलिंग करणारा पोरगा आला. त्यानं नावाकडे बघितलंच नाही. डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. “दादा, खऱ्या १०५० टीआयचा डिव्हाइस आयडी १सी८२ असतो. तुमचा ०डीसी४ आहे, हे जीटीएस ४५०.” मग कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर चालवलं. कंपनीच्या लोगोच्या जागी त्रिकोणातलं उद्गारचिन्ह, आणि नावाच्या आधी कंसात ‘फेक’. २०१८ पासून हे सॉफ्टवेअर अशी सोंगं ओळखतं. शेडर, म्हणजे कार्डातले हिशेब करणारे भाग, १९२. खऱ्या कार्डात ७६८ असतात.

म्हणजे २०१० सालची चिप, तिच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातल्याच मूळ प्रोग्रॅममध्ये, नवं नाव आणि मेमरीचा खोटा आकडा. आत १ जीबी, सांगायला ४. क्लिपा १ जीबीच्या पुढे गेल्या की कोलमडायचं. त्या पिढीच्या कार्डांचे नेहमीचे ड्रायव्हर एनव्हिडियानं २०१८ मध्येच थांबवले. म्हणून नवा ड्रायव्हर बसत नव्हता. पेन ड्राइव्हवरची फाइल जुनाच ड्रायव्हर, फक्त ०डीसी४ पुढे १०५० टीआय असं नाव लिहिलेला. फाइलीत फेरफार केला की तिच्यावरची कंपनीची डिजिटल सही मोडते आणि तशी सही नसलेला ड्रायव्हर विंडोज एरवी घेत नाही. त्याच्या इन्स्टॉलरनं न विचारता टेस्ट मोड चालू केला होता तो यासाठी. आणि ज्या व्हीजीए पोर्टवर मी भाळलो, तो तर पहिला संशय यायची जागा होती. १०५० टीआयच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही, त्यासाठी कार्डावर वेगळी कन्व्हर्टर चिप लावावी लागते.

आता कुणी जुनं कार्ड घेणार असेल तर मी सांगतो, आपल्या पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड आणि कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर घेऊन जा आणि पैसे द्यायच्या आधी दोन्ही दुकानातच चालवून बघा. तेवढा वेळ द्यायला दुकानदार कुरकुरला, तर उठून या. नुसतं नाव बघू नका, नाव लिहायला काय लागतं?

पुण्याला परत गेलो. “इथून घेतलंच नाही,” म्हणाला. चौकीत अर्ज दिला, पोच मिळाली. ऑनलाइन पैसे दिले असते तर निदान नोंद तरी राहिली असती. मी शंभर रुपये सुटावेत म्हणून रोख दिले होते.

गल्लीतल्या पोरानं कार्डाचे पाचशे देऊ केले. विचारलं, काय करणार? म्हणाला, डिस्प्लेपुरतं कुणाला तरी देईन. मी कटर आणला आणि त्याच्यादेखत कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आडव्या कापल्या.