रेचल रॉइशची फुलं, खानापूरचा पाऊस : सात महिन्यांनंतर

पाडव्याला लावलेली प्रिंट दिवाळी झाली तरी भिंतीवर आहे, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

रेचल रॉइश (1664–1750) या डच चित्रकर्तीचं फुलदाणीचं चित्र. मागे अंधार आणि पुढे फुलांची नुसती गर्दी. अडीच फूट बाय दोन फूट कॅनव्हासवर बेळगावात छापून घेतलं, फ्रेमसकट 3,200 रुपये.

आधी तक्रारी. मूळ चित्रातला अंधार तपकिरी आहे, त्यात कडेची पानं हळूहळू बुडत जातात. माझ्या प्रिंटमध्ये तिथं डांबर! परत नेली तर छापणारा म्हणाला, ‘स्वल्प तडीरी (कानडीत, जरा थांबा), सुकल्यावर उजळतंय.’ छापलेली शाई कधी उजळते का? शिवाय कॅनव्हास चकचकीत, त्यामुळे रात्री ट्यूबलाइट बरोबर मधल्या गुलाबावर येते. घेणार असाल तर मॅट मागा.

मग पाऊस. आमची ती भिंत बाहेरच्या अंगाची. आषाढात कॅनव्हास सैल पडला, मागच्या प्लायला कुबट वास आणि खालच्या कोपऱ्यात पांढरी बुरशी. काळ्यावर ती लगेच दिसली, एवढाच त्या डांबराचा उपयोग. उतरवून कोरड्या फडक्यानं पुसलं, पंख्याखाली दोन दिवस ठेवलं, फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बाटलीची बुचं चिकटवली. भिंत आणि फ्रेममध्ये वारा खेळायला लागल्यापासून त्रास नाही.

श्रावणात हार घेऊन येणारी मावशी दारातूनच म्हणाली, ‘एवढी फुलं एकदम कुठं गावली ओ बाई? खोटं हाय ते.’ चार महिने मी रोज बघत होते, मला हे सुचलं नव्हतं. आपल्याकडे तरी मोगरा आणि शेवंती एका टोपलीत कधी येतात? त्या काळचे डच चित्रकार ज्या त्या हंगामात फुलांचा अभ्यास करून ठेवत आणि वसंतातलं ट्यूलिप, उन्हाळ्यातलं गुलाब एकाच फुलदाणीत रचत. रॉइशला तर हे घरचंच. वडील अ‍ॅमस्टरडॅममध्ये शरीरशास्त्राचे आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पंधराव्या वर्षी ती विलेम फान आल्स्ट या चित्रकाराकडे शिकायला लागली, पुढे 1708 पासून जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या दरबाराची चित्रकार झाली. दहा मुलं झाली, तरी ऐंशी ओलांडल्यावरही ती चित्रं काढतच होती. माझी दोनच आहेत आणि दारात रांगोळी घालायला सवड मिळत नाही.

गेल्या आठवड्यात खालच्या पानाला भोक दिसलं. बुरशीनंच खाल्लं म्हणून मी प्रिंट पुन्हा उतरवली. मग मोबाईलवर मूळ चित्र मोठं करून पाहिलं. भोक तिनंच रंगवलंय, किडीनं कुरतडल्यासारखं, कडा जरा पिवळी करून. प्रिंट पुन्हा खिळ्याला लावली.