सर्च कन्सोलचं ‘चेंज ऑफ ॲड्रेस’: आठ महिने वापरून

गणिताची सोडवलेली उदाहरणं देणारी माझी वेबसाइट ११ वर्षं जुनी. ती नव्या डोमेनवर न्यायचं ठरलं तेव्हा पोटात गोळा आला होता. माझे बहुतेक वाचक गूगलवर शोधूनच येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री सूत्र शोधणाऱ्या मुलीला ‘पान सापडलं नाही’ असं दिसलं, तर ती परत कशाला येईल? म्हणून सर्च कन्सोल या गूगलच्या वेबसाइट-मालकांसाठीच्या सेवेतलं, साइटचा पत्ता बदलल्याचं गूगलला कळवणारं हे फुकट साधन वापरलं.

साधन वापरायला सोपं आहे. जुनं आणि नवं डोमेन एकाच गूगल खात्यावर, मालक म्हणून पडताळलेलं हवं. जुन्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नवं निवडायचं. मुख्य पानाचा ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पत्त्याकडे वळवणं) नसेल तर ते पुढे जाऊच देत नाही, आणि हे मला फार आवडलं. एकदा कळवलं की १८० दिवस गूगल जुन्यापेक्षा नव्या साइटकडे आधी बघतं आणि जुन्या पत्त्याची पुण्याई तिकडे वळवतं.

पण हिरवी खूण दिसली म्हणजे काम झालं असं समजू नका. प्रत्येक पान काही ते तपासत नाही, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

डोमेनसोबत मी पत्त्यांमधले साल-महिनेही काढून टाकले होते. त्यामुळे नुसतं डोमेन बदलणाऱ्या एका नियमात काम भागेना, म्हणून ६४० पानांची जुना पत्ता–नवा पत्ता अशी यादी करायला घेतली. ती मी मथळ्यांवरून केली. माझे पत्ते देवनागरीत आहेत. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, आतून नऊ कॅरेक्टरचं होतं आणि माझी साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस २०० कॅरेक्टरला स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) कापतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं! ‘त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची सोडवलेली उदाहरणं’ या पानाचा खरा पत्ता ‘त्रिकोणाच्या-क्षेत्रफळा’ एवढाच होता. यादीत मात्र पूर्ण मथळा. लांब मथळ्यांची साठेक पानं अशी तुटली.

मग जुना साइटमॅप (साइटच्या पानांच्या पत्त्यांची फाइल) आणि सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स रिपोर्ट (कोणत्या पानावर किती क्लिक आले ते दाखवणारा), दोन्हींतून खरे पत्ते उतरवून घेतले आणि यादी पुन्हा जुळवली. तुटलेली पानं सरसकट मुख्य पानावर पाठवायचा मोह झाला होता, पण अशा पानांना गूगल सॉफ्ट ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं, म्हणून तो टाळला. पानाचा मुख्य पत्ता कोणता हे गूगलला सांगणारा कॅनॉनिकल टॅगही तपासा. माझ्या पानांच्या एका साच्यात (टेम्प्लेटमध्ये) जुनं डोमेन राहून गेलं होतं.

क्लिक पहिले तीन आठवडे घसरले, तिसऱ्या महिन्यात पूर्ववत झाले. पुन्हा करायची वेळ आली तर फक्त डोमेन बदलेन, पत्त्यांची रचना अजिबात नाही.

एका गोष्टीत साधन कमी पडतं: साइटचा एखादाच विभाग हलवायचा असेल तर त्याचा उपयोग नाही, ते पूर्ण डोमेन किंवा सबडोमेन (मूळ नावाआधी आणखी एक शब्द लावलेला पत्ता) हलवण्यासाठीच आहे. आणि १८० दिवस संपले म्हणून रीडायरेक्ट काढू नका. निदान वर्षभर ठेवा असं गूगलच सांगतं. मी जुनं डोमेन आणखी तीन वर्षांसाठी भरून ठेवलंय. त्या अर्धवट ‘त्रिकोणाच्या-क्षेत्रफळा’वरून आजही मुलं येतात आणि थेट उदाहरणांच्या पानावर पोचतात.