डोळ्यातली गाठ मोजायची कशाने: बी-स्कॅन की एमआरआय?

डोळ्यातल्या मेलानोमाचं, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरचं, निदान झालंय, बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीवर) गाठ दिसलीय, आता उपचार ठरवायचा आहे. अशा वळणावर सोनोग्राफीच्या आकड्यावर भागवायचं की एमआरआयची चिठ्ठी लिहायची? ज्याच्या स्वतःच्या खोलीत बी-स्कॅन आहे त्याचा हात ही चिठ्ठी लिहिताना जरा अडतोच. माझा बरीच वर्षं अडला.

आणि तो उगाच अडत नव्हता. बी-स्कॅन पाच मिनिटांत होतो आणि गाठ जिवंत दिसते. प्रोब स्थिर धरला तर तिच्यातल्या रक्तवाहिन्यांची थरथरही कळते, ए-स्कॅनवर (प्रतिध्वनींची उंची दाखवणाऱ्या आलेखावर) आतले ठेंगणे प्रतिध्वनी निदानाला टेकू देतात. दोन मिलिमीटरच्या आतली चपटी गाठ असेल तर एमआरआय सोनोग्राफीच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय आपल्या डोक्यातले उपचार ठरवणारे सगळे उंबरठे सोनोग्राफीच्याच मिलिमीटरमध्ये बसलेले आहेत. डोळ्यातल्या मेलानोमावरच्या अमेरिकेतल्या कोम्स (COMS) अभ्यासाने २.५ ते १० मिमी जाडीची गाठ मध्यम ठरवली, ती अल्ट्रासाऊंडने मोजूनच. एमआरआयचा आकडा त्या जागी जसाच्या तसा बसवताना दोनदा विचार करावा लागतो, हे मान्य.

मग माझं मन बदललं कशाने? कोनाने.

एका पेशंटची गाठ पुढच्या बाजूला, सिलिअरी बॉडीला (बुबुळामागच्या स्नायूच्या कड्याला) टेकलेली होती. मी जाडी मोजली ६.४ मिमी. त्याच दुपारी माझ्या सहकाऱ्याने मोजली ५.३. दोघांचीही चित्रं स्वच्छ, दोघांचेही कॅलिपर (स्क्रीनवरच्या मोजणीच्या खुणा) दिसायला जागेवर. एरवी मिलिमीटरभर फरकाचं एवढं मनावर घेतलं नसतं, पण रुथेनियम प्लाकच्या (डोळ्यावर टाचून ठेवायच्या किरणोत्सर्गी चकतीच्या) बीटा किरणांची पोच साधारण सहा मिलिमीटरच्या आसपास संपते. म्हणजे माझ्या आकड्याने एक उपचार, त्याच्या आकड्याने दुसरा. फांदी तिरकी कापली की तोंड लांबट दिसतं, तसंच इथे होतं. पुढच्या गाठीवर प्रोब काटकोनात बसत नाही, छेद तिरपा जातो आणि जाडी फुगते. एकाने स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं कवच) धरून मोजलं आणि दुसऱ्याने सोडून, तर त्यात आणखी भर. पण मला खरं खटकलं ते वेगळंच. कोणाचं बरोबर हे नंतर ठरवताच येईना. गोठवलेल्या चित्रात प्रोब कसा धरला होता ते उरतच नाही. छेद ठरला तो हातात, त्या क्षणी, आणि तो क्षण गेला.

शेवटी एमआरआय केला. पेशंट घरी गेल्यावर आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसलो आणि त्रिमितीय चित्र हवं तसं फिरवत गाठीच्या तळाला काटकोनात छेद घेतला. ५.२ आली. सहकाऱ्याचा चेहरा मी पाहिला नाही. आणखी एक गोष्ट त्या दिवशी दिसली. गाठीशेजारी रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) थोडी सुटलेली होती आणि मी तिचा काही भाग तळात धरला होता. शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध दिल्यावर गाठ उजळली, सुटलेल्या रेटिनाखालचं पाणी तसंच राहिलं, सीमारेषा आपोआप पडली. मेलानिन या रंगद्रव्यामुळे अशी गाठ टी-वन प्रकारच्या एमआरआय चित्रावर मुळातच उजळ आणि टी-टू प्रकारच्या चित्रावर काळी दिसते, त्यामुळे टी-टूवर पांढऱ्या व्हिट्रिअससमोर (डोळ्यातल्या जेलीसमोर) तिची कड शोधावी लागत नाही. रंगहीन मेलानोमात मात्र ही सोय नसते.

आता एमआरआयची कटकट. डोळा हलतो. आमचा त्याआधीचा एक स्कॅन तर मस्काऱ्याने वाया गेला होता. त्यातल्या आयर्न ऑक्साइडने डोळ्याच्या पुढच्या भागात काळं भगदाड पाडलं. आधी विचारायचं मीच विसरलो होतो. ग्राइंडिंगचं काम करणाऱ्यांना डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हेही विचारावंच लागतं. आमच्याकडे आता गाठ असलेला डोळा मिटवून त्यावर ओला गॉज ठेवतात, म्हणजे पापणीजवळच्या हवेने चित्र विकृत होत नाही. उरलेल्या डोळ्याने पेशंटने एका खुणेकडे बघत राहायचं आणि मधल्या विरामात पापणी मिटायची. हे आधी दोनदा सराव करून घेतलं तर चित्र सुधारतं, निदान माझा अनुभव तसा आहे.

रेटिनाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात सिलिकॉन ऑइल भरलेलं असेल तर मी सोनोग्राफीच्या वाटेला जात नाही. व्हिट्रिअसमध्ये आवाज सेकंदाला सुमारे १५३२ मीटर जातो, तेलात त्याहून बराच हळू, त्यामुळे मशीनची सगळी अंतरं ताणली जातात. लहान मुलांचा रेटिनोब्लास्टोमा (रेटिनाचा कॅन्सर) हा वेगळाच विषय. तिथे ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) पाहण्यासाठी एमआरआय लागतोच, भूल द्यावी लागली तरी.

गाठ मागच्या बाजूला असेल, लहान असेल आणि प्रोब सरळ बसत असेल तर मी आजही बी-स्कॅनवरच थांबतो. उपचारानंतरची पाहणीही त्यावरच, शक्यतो त्याच हाताने, कारण तिथे आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. पण गाठ पुढे असेल किंवा आकडा उंबरठ्यावर घुटमळत असेल, तर हल्ली चिठ्ठी आधी लिहितो.

फक्त चिठ्ठीवर ‘ऑर्बिटचा (डोळ्याच्या खोबणीचा) एमआरआय’ एवढंच लिहू नका. नेहमीच्या प्रोटोकॉलने तीन-तीन मिलिमीटरचे छेद येतील आणि त्यांतून पाच मिलिमीटरची गाठ मोजायला बसाल. डोळ्यावरची सरफेस कॉइल (डोळ्याजवळ ठेवायचा छोटा अँटेना), पातळ त्रिमितीय छेद, कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर, आणि जाडी स्क्लेरासकट हवी की सोडून, एवढं स्पष्ट लिहा. रेडिओलॉजिस्टचा फोन येईल, तो घ्या.