जमिनीतली ऑइल टाकी: खणून काढायची की वाळू भरून बंद करायची?

न्यू जर्सीत जुनं घर घेताय किंवा विकताय आणि टँक स्वीपला, म्हणजे जमिनीत पुरलेली ऑइल टाकी शोधायला, आलेल्या माणसाचा मेटल डिटेक्टर अंगणात वाजला, तर पुढे काय करायचं एवढ्यापुरतंच लिहितोय. ही टाकी म्हणजे घर गरम करणाऱ्या फर्नेसला लागणारं हीटिंग ऑइल साठवायची. नव्या डेव्हलपमेंटमधलं घर असेल तर बहुतेक हा विषय येणारच नाही, पण ट्रेन जवळ हवी म्हणून मेपलवूड, क्रॅनफर्ड, वेस्टफील्ड असल्या जुन्या गावांत बघत असाल तर कधी ना कधी येईल, कारण तिथली बरीच घरं ऑइलवर चालायची, मग गॅस आला, लोकांनी फर्नेस बदलली आणि टाकी जमिनीत तशीच राहून गेली.

मला दोन्ही प्रकारांचा अनुभव आहे. पहिल्या घरात आमच्या आधीच्या मालकाने टाकी भरून बंद केलेली होती, आणि आत्ताच्या घरात आम्ही क्लोजिंगच्या (घर नावावर व्हायच्या) आधी सेलरला ती काढायला लावली.

दोन्हीला टाउनशिपचं, म्हणजे स्थानिक पालिकेचं, परमिट लागतं, दोन्हीत उरलेलं तेल उपसून टाकी आतून साफ करतात आणि इन्स्पेक्टर येऊन बघून जातो. भरायची असेल तर वरून पत्रा कापून माणूस आत उतरतो, तळाचा गाळ खरवडतो आणि मग वाळू, फोम नाहीतर पातळ काँक्रीट ओततात. मोठा एक्सकॅव्हेटर येत नाही, लॉन बऱ्यापैकी वाचतं, ड्राइव्हवेला धक्का नाही. पैशाचा फरक लोकांना वाटतो तेवढा नसतो, निदान मी विचारलं तेव्हा तरी नव्हता, कारण सफाईची मजुरी दोन्हीकडे तीच.

मग माझं घोडं कुठे अडलं? तर पहिलं घर विकताना. वाळू भरली तरी लोखंड जमिनीतच ना, त्यामुळे बायरने स्वीप केलं की मशीन वाजणारच. मग त्यांचा वकील कागद मागतो. आमच्याकडे होता तो कागद, परमिट क्लोज झालेलं, टाउनची सही, सगळं. पण त्यात टाकी रिकामी करून भरली एवढंच होतं, खालच्या मातीबद्दल एक ओळ नाही. वकिलाचं म्हणणं, टाकी बंद झाली हे मान्य, पण बंद व्हायच्या आधी गळत होती की नाही ते कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर त्याचं बरोबरच होतं. पहिला बायर तेवढ्यावरून गेला. दुसऱ्याच्या वेळी टाकीच्या बाजूंनी बोअर मारून मातीचे सॅम्पल लॅबला पाठवले, रिपोर्टची वाट बघण्यात क्लोजिंग पुढे ढकललं, मधे रेट लॉकवरून (कर्जाचा ठरलेला व्याजदर ठरावीक मुदतीपुरताच टिकतो) त्यांची चिडचिड, आमची चिडचिड. माती स्वच्छ निघाली, घर विकलं गेलं. पण ती टाकी अजूनही तिथेच आहे, आणि ते लोक विकायला काढतील तेव्हा पुन्हा डिटेक्टर वाजणार, पुन्हा हेच सगळं! टाकी कायदेशीर बंद आहे, काही बेकायदा नाही, तरी दर वेळी नव्याने सिद्ध करत बसायचं याचा मला जाम वैताग आला.

काढलेल्या टाकीचं असं नसतं. टाकी वर येते, इन्स्पेक्टर पत्र्याला भोकं आहेत का बघतो, खड्ड्यातली माती समोर दिसते, वास येतो की नाही ते तुम्हालाही कळतं. आम्ही तिथेच तळाचे सॅम्पल घ्यायला लावले, थोडे जास्त पैसे गेले पण त्यानंतर कुणाला काही विचारायला जागाच राहिली नाही.

आता सेलरच्या बाजूनेही बोलायला हवं. खणलं आणि माती तेलकट निघाली तर ते स्टेटच्या पर्यावरण खात्याला कळवावं लागतं, केस नंबर पडतो, आणि माती उचलून साफ झाल्याशिवाय त्यांचं नो फर्दर अ‍ॅक्शन लेटर, म्हणजे पुढे काही करायची गरज नाही असं पत्र, मिळत नाही. हा खर्च दहा-वीस हजार डॉलरच्या वर सहज जातो, ग्राउंडवॉटरपर्यंत पोचलं असेल तर बोलायलाच नको, आणि होमओनर्स इन्शुरन्स बहुतेक वेळा पोल्यूशन वगळतो. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची असं सेलरला वाटणं मी समजू शकतो. पण भरायची तरी आतून साफ करताना भोकं बऱ्याचदा दिसतात, आणि गळती झालेली असेल तर वाळूने ती जबाबदारी जात नाही, फक्त पुढच्या माणसाकडे सरकते.

भरणंच बरं अशाही जागा आहेत हे मान्य. टाकीवर नंतर खोली बांधलीय, फाउंडेशनला चिकटून आहे, वरून गॅस लाइन गेलीय, अशा ठिकाणी काढायच्या नादात घरालाच धोका. तिथे भरा, पण भरायच्या वेळीच मातीचे सॅम्पल घ्या आणि रिपोर्ट परमिटसोबत ठेवा. आमच्या आधीच्या मालकाने एवढं केलं असतं तर कदाचित मी आज भरण्याच्या बाजूने लिहिलं असतं, सांगता येत नाही.

टाकी वापरात आहे, प्रेशर टेस्ट पास आहे, राहू दे, हा तिसरा पर्याय काही एजंट सुचवतात. विकत घेणाऱ्याने तरी मला नाही वाटत तो घ्यावा. टेस्ट आजचं सांगते, पत्रा गंजायचा थांबत नाही.

बायर असाल तर अजून एक, सेलर म्हणेल की क्रेडिट देतो, म्हणजे किमतीतून पैसे कमी करतो, तुम्ही नंतर काढा. आकडा चांगला वाटतो पण घर तुमच्या नावावर झाल्यावर खड्ड्यात काय निघेल ते तुमचं, तेल कुणाच्या काळात गळलं हा वाद नंतर वकिलांना पैसे देऊन घालायचा. आम्ही क्रेडिटला नाही म्हटलं, अटर्नी रिव्ह्यूमध्येच (वकील करार तपासतात तेव्हाच) टाकी काढून परमिट क्लोज झाल्याशिवाय क्लोजिंग नाही असं घालून घेतलं, आणि सेलर थोडी कुरकुर करून तयार झाला. आधीचं परमिट आहे का हे बघायचं असेल तर टाउन क्लार्ककडे ओप्रा रिक्वेस्ट (सरकारी कागदपत्रं मागायचा अर्ज) टाका, साधारण सात बिझनेस डेजमध्ये उत्तर येतं, म्हणजे इन्स्पेक्शनच्या मुदतीत बसवायचं असेल तर ऑफर मान्य झाल्या दिवशीच टाकलेली बरी.

काढण्याचा तोटा म्हणाल तर लॉनची वाट लागते, आणि भरलेला खड्डा पहिला हिवाळा गेला की थोडा खचतो. वरून माती परत टाकून द्यायचं काँट्रॅक्टमध्येच लिहून घ्या, आमच्याकडे ते लिहिलेलं नव्हतं आणि नंतर तो माणूस फोन उचलेना.